टेकू

जबलपूरला पोस्टिंग आली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी स्नूकरची गोष्ट सांगतोच. १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचा नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर वेळ घालवत होता. (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा.) त्याने जुन्या खेळात रंगीत चेंडूंची भर घातली आणि नवा खेळ तयार झाला. वूलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत. समोरच्याचा सोपा फटका चुकला, चेंबरलेनने त्याला गमतीने स्नूकर म्हटले आणि खेळाला तेच नाव चिकटले. ज्यांनी कुठल्याही अकादमीत पहिली टर्म काढली आहे, त्यांना ही थट्टा वेगळी समजावून सांगायला नको.

आज मात्र मला दुसऱ्या एका खेळाबद्दल लिहायचे आहे. निमित्त झाले आमच्या एका हवालदाराचे.

गडी कराडकडचा. लहानपणी तालमीत घडलेला, कान फुटलेले, खांदे दरवाजाएवढे. गेल्या महिन्यात सकाळच्या पीटीत पाहिले तर मान न वळवता सगळे अंगच वळवत होता. विचारले तर म्हणाला, “काय नाय साहेब, जरा आखडलीया. तेल लावतोय.” दोन दिवसांनी चहाचा मग उजव्या हातातून डाव्या हातात घेताना दिसला. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत असणार हे मी लगेच ओळखले. ओळखले, कारण ते मी स्वतः केले आहे. ती हकीकत सांगण्याआधी थोडा इतिहास.

भारतात रग्बी इंग्रजांनीच आणली. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. लोकांना खेळ इतका आवडला की १८७३ च्या जानेवारीत क्लब उभा राहिला. खेळाडूंमध्ये फौजी बरेच होते. पण पलटणी बदलून गेल्या, हवा मानवेना, लोक टेनिस आणि पोलोकडे वळले आणि चार-पाच वर्षांत क्लब बंद करायची वेळ आली. सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि भारतीय कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी खेळत आले आहेत. १९८८ मध्ये दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने सामन्यानंतर एडिंबराच्या रस्त्यावर हाच कप लाथाडत नेला आणि त्याला पोचे आणले. मेसच्या चांदीची जबाबदारी ज्यांनी घेतली आहे, त्यांच्या अंगावर हे वाचून काटा येईल.

मी लेफ्टनंट असताना काही महिने कोलकात्यात होतो. तिथे हौशी लोकांचा एक संघ जमला होता. रग्बीतले मला शून्य कळत होते. संघ जमवणाऱ्या मेजर साहेबांनी माझे तोंड पाहिले नाही, मान पाहिली आणि म्हणाले, “तू प्रॉप.” प्रॉप म्हणजे टेकू. त्या शब्दाचा खरा अर्थ मला पहिल्या स्क्रमला कळला.

ज्यांनी रग्बी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळ थांबला की पुन्हा सुरू करण्यासाठी स्क्रम लावतात. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण तीन रांगांत एकमेकांना बिलगून वाकतात आणि समोरासमोर भिडतात. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो. पहिल्या रांगेत तिघे असतात. मधला हूकर, तो पायाने चेंडू मागे ओढतो. त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप. डावीकडच्या प्रॉपच्या डोक्याची एक बाजू मोकळी असते. उजवीकडच्याचे डोके समोरच्या दोघांच्या मध्ये अडकते, त्यामुळे दोन्ही खांद्यांवर दाब येतो. समोरून आठ जण ढकलतात आणि मागून आपलेच पाच जण. वरच्या दर्जाच्या एका संघाच्या आठ जणांचे वजन नऊशे किलोच्या आसपास भरते. हे सगळे बळ ज्या सांध्यातून जाते तो सांधा म्हणजे प्रॉपची मान. प्रेक्षकांना मात्र यातले काही दिसत नाही. त्यांना वाकलेल्या पाठी दिसतात, आणि मग चेंडू घेऊन पळणारा कोणी चपळ गडी.

या जागेवर सर्वात जास्त काळ टिकलेल्या माणसांपैकी एक म्हणजे जेसन लेनर्ड. जन्म १९६८, लंडनच्या पूर्वेकडचे बार्किंग. कामकऱ्यांची वस्ती. इंग्लंडमध्ये रग्बी हा बराचसा खासगी शाळांतल्या मुलांचा खेळ होता. लेनर्ड होता सुतार. बार्किंगच्या क्लबातून तो सॅरासेन्सकडे आणि १९९० मध्ये हार्लेक्विन्सकडे गेला. त्याच वर्षी जुलैत, एकविसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. सामना होता ब्यूनस आयर्समध्ये, अर्जेंटिनाविरुद्ध. फॉकलंडच्या युद्धाला जेमतेम आठ वर्षे झाली होती. इंग्लंडचा संघ युद्धानंतर प्रथमच तिथे गेला होता. त्या मैदानात पांढरी जर्सी घालून उतरायचे आणि समोर अर्जेंटिनाची पहिली रांग. स्क्रम हे त्यांचे घरचे हत्यार. इंग्लंड २५-१२ असे जिंकले.

तेव्हा रग्बी युनियन हौशी खेळ होता. देशासाठी खेळण्याचे पैसे नाहीत. लेनर्ड आठवडाभर करवत आणि रंधा चालवायचा आणि शनिवारी खेळायचा. १९९१ मध्ये इंग्लंडने पाच देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, त्याच वर्षी विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली आणि ती ऑस्ट्रेलियाकडून १२-६ अशी गमावली. १९९२ मध्ये पुन्हा सगळे सामने जिंकले. त्या वर्षीच लेनर्डची मान गेली.

मणक्यांमधली चकती फाटली होती. हातातली ताकद कमी होत चालली होती. ज्याचे पोट हातावर, त्याच्यासाठी ही गोष्ट खेळापुरती नव्हती. हात गेला तर सुतारकामही गेले. शल्यविशारदांनी त्याच्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवला. वर्ष संपायच्या आत तो पुन्हा इंग्लंडच्या पहिल्या रांगेत उभा होता.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती शौर्यकथा वाटली. आमच्या पेशात अशाच गोष्टी सांगितल्या जातात. अमक्याने फ्रॅक्चर लपवून कोर्स पूर्ण केला, तमक्याने ताप असताना रूट मार्च काढला. आज चाळिशीत तीच गोष्ट वाचताना मी दुसऱ्याच ओळीपाशी थांबतो. लेनर्डने दुखणे दाखवले. शस्त्रक्रिया करून घेतली. मान बरी झाल्यावर परत आला. त्यानंतर तो बारा वर्षे इंग्लंडकडून खेळला ते दुखणे दाखवल्यामुळे.

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने खेळ सर्वांसाठी खुला केला. म्हणजे खेळाडूला उघडपणे पगार घेता येऊ लागला. लेनर्ड तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे अर्धे करिअर झाले होते. सुताराचा व्यावसायिक प्रॉप झाला. पगार आला, रोजचा सराव आला, व्यायामशाळा आली. खेळाडू जड झाले, वेगवान झाले आणि टकरी वाढल्या. हौशी काळातल्या त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण या बदलात गळाले. लेनर्ड टिकला, कारण तो दोन्ही बाजूंना खेळू शकत होता. डावा प्रॉप आणि उजवा प्रॉप ही कामे बाहेरून सारखी दिसली तरी वेगळी आहेत. उजवा टिकून धरतो, डावा समोरच्याला खालून उचलायला बघतो. एका बाजूला मुरलेला गडी दुसऱ्या बाजूला नवशिका वाटतो. लेनर्डला दोन्ही येत होते. ब्रिटिश आणि आयरिश लायन्सच्या १९९३, १९९७ आणि २००१ अशा तीन दौऱ्यांवर तो गेला.

इंग्लंडकडून तो ११४ सामने खेळला. शंभर सामने खेळणारा जगातला पहिला फॉरवर्ड तोच. या ११४ सामन्यांत त्याचा ट्राय एकच, १९९६ मध्ये, तोही अर्जेंटिनाविरुद्ध. कोणी म्हणेल एवढ्या वर्षांत एकच? पण प्रॉपची किंमत त्याच्या ट्रायवरून करणे म्हणजे मेसच्या कुकची किंमत त्याने किती खाल्ले यावरून करण्यासारखे आहे. आणि आपला कलकत्ता कप? १९९१ ते १९९९ तो सलग इंग्लंडकडे राहिला. त्या वर्षांतल्या स्क्रमांमध्ये लेनर्डच्या मानेचा वाटा मोठा आहे.

आता २२ नोव्हेंबर २००३. सिडनी, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. लेनर्ड पस्तीस वर्षांचा, राखीव खेळाडूंत. इंग्लंडचा स्क्रम ऑस्ट्रेलियापेक्षा सरस मानला जात होता, पण दक्षिण आफ्रिकेचे रेफरी आंद्रे वॉटसन स्क्रममध्ये वारंवार इंग्लंडविरुद्ध पेनल्टी देत होते. वेळ संपता संपता अशीच एक पेनल्टी मिळाली आणि ऑस्ट्रेलियाने १४-१४ अशी बरोबरी केली. सामना जादा वेळेत गेला.

तेव्हा फिल विकरीच्या जागी लेनर्डला पाठवले. आपल्या भाषेत सांगायचे तर मोर्चा डळमळतो आहे आणि कमांडरने सर्वात जुना सुभेदार पुढे धाडला. लेनर्डची हकीकत अशी सांगतात की तो आत जाताच रेफरीशी शांतपणे बोलला. तुम्ही मला ओळखता, मी वर उसळणार नाही, खाली बसणार नाही, जाईन तर पुढे नाहीतर मागे, अशा अर्थाचे. रेफरीला स्क्रमची भीती एवढीच असते की तो कोसळेल आणि कोणाची तरी मान मोडेल. लेनर्डने ती भीती काढून टाकली. त्यानंतर स्क्रम स्थिर झाले. शंभराव्या मिनिटाला जॉनी विल्किन्सनने उजव्या पायाने, म्हणजे त्याच्या कमी सवयीच्या पायाने, ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंड २०-१७ असे जिंकले. जगाला तो पाय आठवतो. १९९१ ची हरलेली आणि २००३ ची जिंकलेली, अशा दोन्ही अंतिम लढतींत इंग्लंडकडून मैदानात उतरलेला एकमेव खेळाडू मात्र लेनर्ड होता. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि कालांतराने इंग्लंडच्या रग्बी युनियनचा अध्यक्षही झाला.

इथे थांबलो तर लेख गोड होईल. पण खरा इतिहास इथे थांबत नाही.

मार्च २००५. इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघाचा सराव चालू होता. लेस्टर टायगर्सचा वीस वर्षांचा प्रॉप मॅट हॅम्पसन स्क्रमला वाकला, स्क्रम कोसळला आणि त्याची मान निखळली. सरावाला आलेले रेफरी टोनी स्प्रेडबरी पूर्वी रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होते, त्यांच्या प्रसंगावधानाने जीव वाचला. पण मानेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. हॅम्पसनने पुढे संस्था काढली. खेळताना गंभीर जायबंदी झालेल्या तरुणांना ती पुन्हा उभे राहायला मदत करते. हॅम्पसनची जागा तीच होती, काम तेच होते. लेनर्डला शंभराहून जास्त सामने मिळाले, हॅम्पसनला विसावे वर्ष.

दुसरा माणूस स्टीव्ह थॉम्पसन. सिडनीच्या त्या जादा वेळेत लेनर्डच्या खांद्याला खांदा लावून वाकलेला हूकर. डिसेंबर २०२० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर केले की त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे. आपण विश्वचषक जिंकला हे त्याला आठवत नाही. चित्रफीत दाखवली तर तो स्वतःला पडद्यावर पाहतो, पण तिथे असल्याची आठवण येत नाही. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांची ही किंमत आहे आणि खेळ चालवणाऱ्यांनी पुरेशी काळजी घेतली नाही, असे म्हणत तो आणि इतर खेळाडू कोर्टात गेले.

नियम बदलले. पूर्वी दोन्ही रांगा अंतर ठेवून उभ्या राहत आणि इशारा झाला की धडकत. २०१३ पासून आधी समोरच्या प्रॉपची जर्सी पकडायची, मगच भिडायचे. त्या एका बदलाने पहिल्या धडकेचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. प्रशिक्षित प्रॉप उरला नाही तर स्क्रममध्ये ढकलायचेच नाही, असाही नियम आहे. हे सगळे शिकायला बऱ्याच माना खर्ची पडल्या.

आपल्याकडे तालमीत आणि पलटणीत वाढलेल्यांना हा हिशोब नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी वर्गणी काढून दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले म्हणून. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. हौशी खेळाडूचे शरीर देशाचे आणि खर्च त्याचा. व्यावसायिक झाल्यावर पगार मिळतो, पण झिजलेल्या शरीराचा हिशोब निवृत्तीनंतरच समोर येतो. आता आपल्याकडेही रग्बीत पैसा येतो आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत फ्रँचायझींची पहिली रग्बी लीग झाली. ती सात-सात जणांची, तिथे स्क्रम तिघांचाच. तरी आपली पोरे त्यात उतरतील तेव्हा कोणीतरी त्यांच्या मानेचीही नोंद ठेवावी, एवढेच मला वाटते.

आता माझी गोष्ट. कोलकात्यात पावसाळ्यात सराव करताना चिखलात स्क्रम कोसळला. दोष कोणाचाच नव्हता. मानेत काहीतरी सटकल्यासारखे झाले आणि उजव्या हातात वीज गेल्यासारखी कळ आली. पंधरा दिवसांनी कोर्सला जायचे होते. डॉक्टरकडे गेलो तर कॅटेगरी लागेल, कोर्स जाईल, म्हणून गप्प बसलो. कोणी सांगितले नव्हते गप्प बस म्हणून. माझी मीच शहाणपणाने घेतलेली ती डेफरमेंट. कोर्स उत्तम झाला. पुढे डोंगरातल्या एका पोस्टिंगवर, बुलेटप्रूफ पटका डोक्यावर चढवून सहा तास उभे राहिल्यावर, उजव्या हाताची पकड सुटली आणि हातातला वायरलेस सेट खाली पडला. सेट पडला म्हणून निभावले. तेव्हा हातात दुसरे काही असते तर? माझ्यामागे सात जवान होते. मी लपवलेल्या दुखण्याची जोखीम त्या सातांनी न विचारता उचलली होती.

टेकू आतून पोखरला असेल तर त्याचे नुकसान टेकूला कमी आणि वरच्या छपराला जास्त होते. लेनर्डच्या शेजारी वाकणाऱ्या हूकरची मान लेनर्डच्या मानेवर अवलंबून होती. म्हणून रग्बीत पहिल्या रांगेतल्या माणसाने दुखणे लपवणे ही बहादुरी नव्हे.

हे सगळे मी त्या हवालदाराला सांगितले. सदरच्या बाजूला संध्याकाळी फिरायला जाताना गाठला आणि बरोबर घेतला. लेनर्डचे नाव त्याने कधी ऐकले नव्हते, पण कमरेचे हाड मानेत बसवले म्हणताच थांबला. “आन् परत खेळला?”

“बारा वर्षे.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. दोन महिन्यांवर त्याचा प्रमोशन कॅडर होता. बढती लांबली तर घरी काय सांगायचे, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. हे सगळे त्याने एकेक करून सांगितले. मी कुठलेही आश्वासन दिले नाही. कॅटेगरी डॉक्टर ठरवतात, मी नाही. एवढेच म्हणालो, “कागदाचे मी बघतो. पण उद्या हात सुटला तर तुझ्या शेजारच्याला मी काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी सिक रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव होते. मिलिटरी हॉस्पिटलात एमआरआय झाला. चकती सरकली आहे, पण शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही. गळ्यात पट्टा, फिजिओथेरपी आणि तीन महिने हलकी ड्यूटी. या वर्षीचा कॅडर गेला. त्याला वाईट वाटले आहे आणि ते माझ्यापासून लपवत नाही. सलाम कडक मारतो, पण चेहरा पाडून.

परवा मेसमध्ये स्नूकर टेबलाशेजारी उभा होतो. एक तरुण कॅप्टन वाकून नेम धरत होता. त्याला सोपा फटका चुकला आणि त्याने मान चोळली. मी विचारले, “कधीपासून?”

“काही नाही सर, उशी बदलली म्हणून.”

सोमवारी त्यालाही सिक रिपोर्टवर पाठवणार आहे.